कार्ड मेले तरी त्याची ॲबिलिटी का चालते, आणि ती थांबवायची असेल तर नेमकी केव्हा?

तुमचा प्रश्न मला असा समजला. राजारामपुरीत मावसभावाच्या घरी तुम्ही 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळत होता. मावसभावाने आपला 'प्रॉडिगल सॉर्सरर' टॅप करून, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवा करून, तुमच्या एक-एक (ताकद एक, सहनशक्ती एक) असलेल्या 'लानोवार एल्व्हज' या क्रीचरवर एक डॅमेज मारत असल्याचे सांगितले. तुमच्याकडे एकच माउंटन (लाल मना, म्हणजे कार्डे खेळायची ऊर्जा, देणारी जमीन) अनटॅप होता. त्यावर तुम्ही लगोलग 'लाइटनिंग बोल्ट' हे तीन डॅमेज देणारे कार्ड टाकून सॉर्सररलाच संपवलेत. हातात क्रीचरची ताकद आणि सहनशक्ती टर्नपुरती तीन-तीनने वाढवणारे 'जायंट ग्रोथ'ही होते, पण हिरवा मना देणारी जमीन शिल्लक नव्हती. मग वाद सुरू झाला. तुमचे म्हणणे, मारणाराच उरला नाही तर मार बसणार कसा. मावसभावाचे म्हणणे, टॅप केले त्या क्षणी ॲबिलिटी निघून गेली. त्यात 'यु-गि-ओ' हा दुसरा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या तिसऱ्या मित्राने सांगितले की त्यांच्याकडे कार्ड फोडले की इफेक्टही रद्द होतो. म्हणून तुम्ही विचारले आहे की बरोबर कोण, आणि समोरच्याची ॲबिलिटी रद्द करण्याची योग्य वेळ कोणती.

निकाल आधी सांगतो. मावसभाऊ बरोबर आहे. सॉर्सरर मेला आणि एल्व्हजही मेले. तिसऱ्या मित्राचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या खेळातही बहुतेक वेळा खरे नाही. त्याकडे पुढे येतो.

कोल्हापुरात घराघरांतून जे खेळ रंगतात, तिथे नियमांचा वाद झाला की निवाड्यासाठी मला बोलावले जाते, आणि त्या अनुभवावरून सांगतो की 'रद्द कधी करायचे' या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. ॲबिलिटी ज्या कार्डाची आहे ते कार्ड, त्या ॲबिलिटीची सुरुवात, सुरू होऊन वाट पाहत असलेली ॲबिलिटी, आणि ती ज्यावर चालणार आहे ते टार्गेट किंवा जिच्यावर ती अवलंबून आहे ती अट, या चार वेगळ्या जागा आहेत. प्रत्येक जागी घाव घालण्याची वेळ वेगळी आहे आणि त्याचे हत्यारही वेगळे आहे. तुम्ही पहिल्या जागी घाव घातलात, पण तोवर ॲबिलिटी तिसऱ्या जागी पोहोचली होती.

मॅजिकमध्ये 1999 साली, सिक्स्थ एडिशनच्या नियमांबरोबर, स्टॅक नावाची व्यवस्था आली. त्याआधी 'इंटरप्ट' नावाचा कार्डांचा वेगळा प्रकार होता, 'काउंटरस्पेल'सारखी कार्डे त्यात मोडत आणि कोणाचे आधी लागू होणार यावर बरीच डोकेफोड होत असे. आता नियम सरळ आहे. कोणीही स्पेल, म्हणजे हातातले जमिनीखेरीजचे कार्ड, टाकला किंवा ॲबिलिटी सुरू केली की ती लगेच लागू होत नाही. स्टॅकवर जाऊन थांबते. मग प्रायोरिटी, म्हणजे काही करण्याची संधी, आळीपाळीने फिरते. कोणी उत्तरादाखल काही टाकले तर ते आधीच्या गोष्टीच्या वर बसते. सगळ्यांनी लागोपाठ पास म्हटले की सर्वांत वरची एकच गोष्ट रिझॉल्व्ह होते, म्हणजे लागू होते, आणि पुन्हा संधी फिरते. तुमच्या डावात खाली सॉर्सररची ॲबिलिटी होती आणि वर बोल्ट. बोल्ट आधी लागू झाला, सॉर्सरर ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात, गेला. पण स्टॅकवर खाली बसलेल्या ॲबिलिटीला कोणी हातच लावला नव्हता. तिची पाळी आली तेव्हा तिने आपले काम केले.

टपालपेटीत पडलेले पत्र जसे पाठवणाऱ्याचे काहीही झाले तरी पत्त्यावर पोहोचते, तशी स्टॅकवर गेलेली ॲबिलिटी आपल्या कार्डापासून स्वतंत्र होते. कार्ड मारा, हातात परत पाठवा, किंवा त्याच्या सगळ्या ॲबिलिटी काढून घेणारा इफेक्ट आणा, निघालेली ॲबिलिटी चालतेच. कार्डाच्या ताकदीइतके डॅमेज असा मजकूर असेल आणि कार्ड गेलेले असेल, तर टेबलावर शेवटी असताना त्याची ताकद जितकी होती तितकी धरतात. मात्र ॲबिलिटीला स्वतःच्या कार्डावरच काही करायचे असेल, उदाहरणार्थ त्यावर अधिक एक-अधिक एकचा काउंटर (ताकद आणि सहनशक्ती एकेकाने वाढवणारी खूण) ठेवायचा असेल, आणि ते कार्ड टेबलावर नसेल, तर तेवढा भाग अर्थातच वाया जातो. म्हणून कार्डावरचा मजकूर शब्दशः वाचल्याशिवाय मी कोणताही निकाल देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये.

मग सॉर्सररसारख्या कार्डाला मारायचे केव्हा? इथे नियमापेक्षा डावपेच महत्त्वाचे आहेत. तो अनटॅप असताना तुम्ही बोल्ट टाकलात तर त्याचा मालक उत्तरादाखल त्याला टॅप करून एक डॅमेज मारून घेणारच. मरणाऱ्या कार्डाकडून शेवटचे काम करून घेणे फुकटच असते. म्हणजे त्याला काही न मिळू देता मारण्याच्या दोनच वेळा उरतात. एक, तो आधीच टॅप झालेला असताना. दोन, तो नुकताच आलेला असताना, कारण टॅपचे चिन्ह असलेली ॲबिलिटी वापरण्यासाठी ते क्रीचर त्याच्या मालकाच्या चालू टर्नच्या सुरुवातीपासून सलग त्याच्याकडे असावे लागते. मावसभावाने आपल्या टर्नमध्ये सॉर्सरर टाकला असेल तर तो टर्न आणि त्यानंतरची तुमची संपूर्ण टर्न सॉर्सरर निरुपयोगी असतो. त्याची पुढची टर्न सुरू झाली, अगदी अपकीप या टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्यालाही, की संधी गेली. नवे खेळाडू बोल्ट 'गरज पडेल तेव्हा' म्हणून हातात धरून बसतात आणि नेमकी हीच फुकटची खिडकी बंद होऊ देतात.

याच्या जोडीला येणारा दुसरा वाद मी सर्वांत जास्त वेळा सोडवला आहे: 'थांब, तू टॅप करायच्या आधी मी बोल्ट टाकतो.' असे चालत नाही. ॲबिलिटी जाहीर करणे, टार्गेट निवडणे आणि किंमत मोजणे हे एकाच हालचालीचे भाग आहेत, त्यांच्या मध्ये कोणालाही प्रायोरिटी मिळत नाही. टॅप करणे ही किंमत आहे, क्रीचर सॅक्रिफाइस करणे हीही बऱ्याच कार्डांवर किंमतच असते, आणि कोलनच्या आधी लिहिलेली कोणतीही किंमत मध्येच अडवता येत नाही. तुम्हाला संधी मिळते ती किंमत दिल्यानंतर, आणि तोवर ॲबिलिटी स्टॅकवर गेलेली असते. समोरच्याने कार्डाकडे नुसता हात नेला म्हणून घाईघाईने आपले कार्ड आपटण्यात काही अर्थ नाही. मॅजिक हा चपळाईचा खेळ नाही. ज्याची पाळी आहे त्याने बोलायचे असते.

त्याहूनही एक पायरी पुढचा प्रकार म्हणजे मना देणाऱ्या ॲबिलिटी. तुमचे लानोवार एल्व्हज टॅप करून हिरवा मना देतात. हा मना स्टॅकवर जातच नाही, तत्काळ मिळतो. त्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही आणि तो रद्दही करता येत नाही. कार्डावर कायमस्वरूपी लागू असलेला मजकूरही, जसे 'तुमच्या इतर क्रीचरना अधिक एक-अधिक एक', स्टॅक वापरत नाही. तो थांबवायचा तर कार्डच हलवावे लागते, आणि तिथे मात्र तुमचे मूळ तर्कशास्त्र, कार्ड गेले की परिणामही गेला, अगदी बरोबर ठरते. तुमचा गोंधळ बहुधा इथूनच आला असावा.

आता खऱ्या अर्थाने काउंटर करणाऱ्या कार्डांबद्दल. 'काउंटरस्पेल' दोन निळ्या मनात कोणताही स्पेल काउंटर, म्हणजे रद्द, करते, पण फक्त स्पेल. सॉर्सरर हातातून टाकला जात असताना ते उपयोगी. टेबलावर आलेल्या सॉर्सररच्या ॲबिलिटीवर ते चालवताच येत नाही. स्टॅकवरच्या ॲबिलिटीला काउंटर करायला 'स्टायफल'सारखे कार्ड लागते, जे 2003 साली स्कर्ज संचात आले आणि एका निळ्या मनात ॲक्टिव्हेटेड (खेळाडूने किंमत मोजून सुरू केलेली) किंवा ट्रिगर्ड (एखादी घटना घडली की आपोआप सुरू होणारी) ॲबिलिटी काउंटर करते, मना देणारी सोडून. तिसरा मार्ग म्हणजे सुरुवातच बंद करणे: 'पिथिंग नीडल' टेबलावर येताना तुम्ही एका कार्डाचे नाव घेता, आणि त्या नावाच्या कार्डाच्या ॲक्टिव्हेटेड ॲबिलिटी, मना देणाऱ्या वगळता, वापरता येत नाहीत. पण नीडल मागचे पुसत नाही. ती येण्यापूर्वी स्टॅकवर गेलेली ॲबिलिटी चालते. शिवाय नीडल स्वतः एक आर्टिफॅक्ट आहे, ती स्टॅकवर असताना समोरचा आपली ॲबिलिटी वापरून घेऊ शकतो.

चौथी जागा, म्हणजे टार्गेट आणि अट, माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाते आणि सर्वांत मजेची आहे. समजा तुम्ही समोरच्याच्या 'मॉग फॅनॅटिक'वर बोल्ट टाकला. फॅनॅटिक स्वतःला सॅक्रिफाइस करून कोणालाही एक डॅमेज देतो. मालकाने उत्तरादाखल तसे केले तर तुमच्या बोल्टचे एकमेव टार्गेटच उरत नाही, आणि बोल्ट रिझॉल्व्ह न होताच ग्रेव्हयार्डमध्ये जातो. बोल्ट कोणीही काउंटर केलेला नाही, तरी तो फुकट गेला. दोन टार्गेट असलेल्या स्पेलचे मात्र एक टार्गेट गेले तरी उरलेल्यावर तो लागू होतो.

अटीचे उदाहरण 'फेलिडार सॉव्हरिन'चे घेतो, कारण ते एकदा नीट पाहिले की सगळा विषय डोक्यात बसतो. त्यावर लिहिले आहे की तुमच्या अपकीपच्या सुरुवातीला तुमचे लाइफ 40 किंवा अधिक असेल तर तुम्ही डाव जिंकता. समजा समोरच्याचे लाइफ 42 आहे, त्याची टर्न सुरू झाली आणि ट्रिगर स्टॅकवर बसला. तुमच्या हातात एक बोल्ट आहे आणि दुसरे एक कार्ड, जे कोणतेही क्रीचर नष्ट करते. घाबरलेला खेळाडू दुसरे कार्ड टाकून सॉव्हरिनला मारतो. सॉव्हरिन मरतो, ट्रिगर तसाच राहतो, रिझॉल्व्ह होताना लाइफ 42 दिसते आणि समोरचा जिंकतो. जाणता खेळाडू सॉव्हरिनकडे बघतही नाही. तो बोल्ट थेट समोरच्या खेळाडूवर मारतो. लाइफ 39 होते. ट्रिगरच्या मजकुरात वेळ सांगितल्यानंतर लगेच 'असेल तर' आले आहे, अशी अट दोनदा तपासतात, ट्रिगर होताना आणि रिझॉल्व्ह होताना. दुसऱ्या तपासणीत ती खोटी ठरते आणि काहीच घडत नाही. सॉव्हरिन जिवंत आहे, डाव चालू आहे, आणि दुसरे कार्ड अजून तुमच्या हातात आहे.

लढाईतल्या वेळेबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या प्रश्नात ती नसली तरी पुढच्या रविवारी येणारच. समोरच्याचे क्रीचर टॅप करून हल्ला रोखायचा असेल तर हल्लेखोर जाहीर होण्यापूर्वी, लढाईच्या सुरुवातीच्या टप्प्यात करावे लागते. जाहीर झाल्यानंतर टॅप करून काही उपयोग नाही, ते हल्ला करतच राहते. तसेच तुमचे क्रीचर अडवल्यानंतर अडवणारे मारले, तरी तुमचे क्रीचर अडवलेलेच राहते. ट्रॅम्पल (उरलेले डॅमेज खेळाडूपर्यंत पोहोचवणारा गुण) नसेल तर त्याचे डॅमेज खेळाडूला लागत नाही. एखादा जुना खेळाडू तुम्हाला सांगेल की लढाईचे डॅमेज स्टॅकवर ठेवून मग फॅनॅटिक सॅक्रिफाइस करता येतो. 2009 पूर्वी ते खरे होते. मॅजिक 2010 संचाबरोबर तो नियम गेला, आणि आता लढाईचे डॅमेज मध्ये संधी न देता एकदम लागते.

आता तिसऱ्या मित्राकडे वळू. यु-गि-ओमध्ये स्टॅकऐवजी चेन असते आणि तीही उलट्या क्रमाने सुटते, पण एक मोठा फरक आहे: चेन सुटू लागली की मध्ये काहीही घालता येत नाही, तर मॅजिकमध्ये प्रत्येक रिझॉल्व्हनंतर पुन्हा संधी मिळते. शिवाय तिथे स्पेल स्पीड, म्हणजे कोणते कार्ड कशाला उत्तर देऊ शकते हे ठरवणारा दर्जा, आहे. काउंटर ट्रॅप स्पीड तीनचा असतो आणि त्याला उत्तर स्पीड तीननेच देता येते. मित्राचा गैरसमज स्पेल किंवा ट्रॅप कार्ड फोडणाऱ्या 'मिस्टिकल स्पेस टायफून'मुळे झालेला असणार, आणि तो जगभर इतका पसरलेला आहे की त्याला दोष देता येणार नाही. तुम्ही नॉर्मल स्पेल ॲक्टिव्हेट केला, त्याने चेनमध्ये टायफून टाकून ते कार्ड फोडले, तरी तुमचा स्पेल पूर्ण चालतो. टायफून नष्ट करतो, निगेट, म्हणजे निष्प्रभ, करत नाही. कंटिन्युअस, फील्ड आणि इक्विप कार्डांना मात्र इफेक्ट लागू होण्यासाठी सामान्यतः टेबलावर राहावे लागते, म्हणून ती चेनमध्ये फोडली तर त्यांचा इफेक्ट होत नाही. मित्राने हा दुसरा प्रकार पाहून पहिल्यालाही तोच नियम लावला.

निगेट करण्यातही तिथे दोन जाती आहेत. 'सॉलेम जजमेंट' निम्मे लाइफ पॉइंट घेऊन स्पेल-ट्रॅपचे ॲक्टिव्हेशनच निगेट करते आणि कार्ड नष्ट करते. 'ॲश ब्लॉसम' फक्त इफेक्ट निगेट करते, ॲक्टिव्हेशन झालेले मानले जाते. फील्ड स्पेल ॲक्टिव्हेट होताना त्याच्या इफेक्टवर ॲश चालवले तर फील्ड स्पेल टेबलावर राहतो. जजमेंट चालवले तर तो जातो. आणि मॅजिकशी सरळ विरोधात जाणारी एक गोष्ट लक्षात ठेवा. यु-गि-ओमध्ये मॉन्स्टरने इफेक्ट ॲक्टिव्हेट केल्यावर चेनमध्ये 'इफेक्ट व्हेलर' त्याच मॉन्स्टरवर टाकले, तर तो इफेक्टही निगेट होतो. मॅजिकमध्ये कार्डाच्या ॲबिलिटी काढून घेतल्याने निघालेली ॲबिलिटी थांबत नाही, इथे थांबते. त्यावरही तोड आहे. मॉन्स्टरच्या मालकाने पुढच्या कडीत तो मॉन्स्टर टेबलावरून हलवला तर व्हेलरला निगेट करायला समोर कोणी उरत नाही, आणि मूळ इफेक्ट चालतो.

पोकेमॉन कार्डांत समोरच्याच्या टर्नमध्ये मधूनच उत्तर देण्याची सोय नाही. तिथे ॲबिलिटी बंद करायच्या त्या आधीच टेबलावर ठेवलेल्या कायम इफेक्टने, जसे टूल नावाचे जोडकार्ड लावलेल्या 'गार्बोडॉर'चे 'गार्बोटॉक्सिन' इतर पोकेमॉनच्या ॲबिलिटी बंद ठेवते. त्यामुळे वेळेचे वाद तिथे फारसे होत नाहीत.

वरचे नियम ठाम आहेत, पण टेबलावर काय चालवून घ्यायचे हे तुमच्या मंडळींवर अवलंबून आहे. मोबाइलवर मॅजिकचे 'अरीना' किंवा यु-गि-ओचे 'मास्टर ड्युएल' खेळून शिकलेल्या मुलांना संधी ॲपच दाखवते, कित्येकदा ॲप त्यांच्या वतीने पासही करून टाकते, आणि म्हणून टेबलावर 'रिस्पॉन्स आहे का?' हे तोंडाने विचारायची त्यांना सवयच नसते. समोरच्याने ॲबिलिटी सांगून उत्तराची वाट न पाहता तुमचे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये सरकवले असेल, तर मी डाव तेवढा मागे घ्यायला लावतो, कारण तुम्हाला तुमची संधी मिळालेलीच नव्हती. उलट तुम्ही 'ठीक आहे' म्हटल्यानंतर, एल्व्हज उचलून ठेवल्यावर बोल्ट आठवला, तर मागे घेऊ देत नाही. घरगुती खेळात हा फरक कडक वाटतो, पण तो पाळला नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच नियम होतो, आणि आपल्या कोल्हापुरात आवाज कोणाचाच लहान नसतो.

राहिला तुमचा तो डाव. एल्व्हज मागच्या टर्नपासून टेबलावर होते आणि अनटॅप होते असे धरतो. मावसभावाने सॉर्सरर टॅप केल्यावर बोल्ट हातातच ठेवायचा होता. उत्तरादाखल एल्व्हजना टॅप करून हिरवा मना घ्यायचा, जो कोणी अडवू शकत नाही, आणि त्याच मनाने जायंट ग्रोथ एल्व्हजवरच टाकायचे. जायंट ग्रोथ वर असल्याने आधी लागू झाले असते, एल्व्हज चार-चार झाले असते आणि सॉर्सररचे एक डॅमेज त्यांनी पचवले असते. टर्नच्या शेवटी वाढलेली ताकद आणि लागलेले डॅमेज एकाच वेळी जाते, म्हणून ते नंतरही मेले नसते. माउंटन अजून तुमच्याकडे अनटॅप होता. सॉर्सरर आता टॅप होता, उत्तर देऊ शकत नव्हता, आणि बोल्ट त्याच्यावर टाकायची खरी वेळ तेव्हा आली असती.